सुजलेला ओठ, सुजलेली जीभ: गोळीची सूज की अ‍ॅनाफिलॅक्सिस? कॅज्युअल्टीत नवीन आलेल्यांसाठी

कॅज्युअल्टीत नुकतीच ड्युटी सुरू केलेले इंटर्न, नवीन रेसिडेंट आणि सिस्टर-ब्रदर यांच्यासाठी हे लिहितोय. चेहरा सुजलेला पेशंट आला की नातेवाईक दारातूनच सांगतात "अ‍ॅलर्जी झालीय", मग केसपेपरवरही तेच येतं आणि आपला हात आपोआप अ‍ॅव्हिल-हायड्रोकॉर्टच्या (म्हणजे अँटिहिस्टामिन आणि स्टेरॉइड इंजेक्शनांच्या) ट्रेकडे जातो. बऱ्याचदा ती अ‍ॅलर्जी असतेही. पण एक सूज अशी आहे जी दिसायला डिट्टो अ‍ॅलर्जी आणि अ‍ॅलर्जीच्या औषधांना मात्र दाद देत नाही, ती म्हणजे बीपीच्या काही गोळ्यांनी येणारी सूज. जीव दोन्हीत जाऊ शकतो, या गोळीच्या सुजेत आणि अंगभर पसरणाऱ्या जीवघेण्या अ‍ॅलर्जीत, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये तो बहुतेक वेळा अ‍ॅड्रेनालिन द्यायला उशीर झाल्यामुळे जातो, आणि गोळीच्या सुजेत इंजेक्शनं देऊन "आता उतरेल, बघू थोडा वेळ" म्हणत आपण बसून राहिल्यामुळे.

माझा असा एक पेशंट आहे जो मला अजून आठवतो. रेसिडेन्सीचं दुसरं वर्ष, पहाटेचे तीन-साडेतीन, साठीचे एक काका. झोपेतून उठले तेव्हा खालचा ओठ जड लागत होता, आरशात बघितलं तर एका बाजूनं फुगलेला. आले तेव्हा व्यवस्थित चालत आले, बीपी १६०/९०, अंगावर एक पुरळ नाही, खाज नाही. मी अ‍ॅव्हिल दिलं, हायड्रोकॉर्ट दिलं, अर्ध्या तासानं जीभ थोडी जाड वाटली म्हणून परत तेच दिलं आणि दुसऱ्या पेशंटकडे गेलो. परत आलो तेव्हा काका बेडवर पुढे वाकून बसलेले, हातात रुमाल धरून लाळ पुसत होते, आवाज नाकात बोलल्यासारखा. काकूंनी तेवढ्यात पिशवीतून गोळ्यांची स्ट्रिप काढून दाखवली, एनालाप्रिल, सहा वर्षांपासून रोज. ती पिशवी तासभर बेडच्या पायाशीच पडलेली होती, मी विचारलंच नव्हतं.

काका वाचले, कारण अ‍ॅनेस्थेशियाची सिनियर मॅडम धावत आली आणि पेशंट जागा असतानाच नाकातून स्कोपवर ट्यूब घातली. दोन दिवसांनी ट्यूब निघाली. पण तो एक तास मी फुकट घालवला, आणि तुमचा तसा जाऊ नये म्हणून पुढचं सगळं.

पायरी १: रोगाचं नाव नंतर, आधी श्वासाची वाट

पेशंट ट्रॉलीवर घेता घेताच त्याला बोलतं करा. "काय झालं, कधीपासून?" एवढंच विचारा, आणि तो काय सांगतोय याच्याइतकाच आवाज कसा येतोय तेही ऐका. आवाज घोगरा झालाय का, तोंडात गरम घास धरल्यासारखं बोलतोय का, वाक्य मध्येच तोडून श्वास घ्यावा लागतोय का, थुंकी गिळता येतेय का की बाहेर गळतेय. श्वास आत घेताना घशातून कर्कश आवाज येत असेल म्हणजे स्ट्रायडॉर असेल, किंवा झोपवल्याबरोबर पेशंट घाबरा होऊन उठून बसत असेल, तर सूज कशाची आहे हा प्रश्न बाजूला ठेवा आणि त्याच मिनिटाला अ‍ॅनेस्थेशिया आणि ईएनटीला फोन लावा. उगाच बोलावलं असं वाटलं तरी चालेल.

सॅच्युरेशन ९८ दिसतंय म्हणून निवांत होऊ नका. वरची वाट अरुंद होत जाते तेव्हा सॅच्युरेशन बराच वेळ छान राहतं आणि मग एकदम कोसळतं, तोपर्यंत मॉनिटर तुम्हाला काहीच सांगत नाही.

मग टॉर्च घ्या आणि तोंडात बघा. जीभ वर उचलायला सांगा, जिभेखालचा तळ फुगून वर आलाय का, पडजीभ आणि मऊ टाळू पाणी भरल्यासारखे चकचकीत दिसताहेत का. फक्त ओठ आणि गाल सुजलेत तर थोडा अवधी मिळतो, मऊ टाळूपर्यंत पोचली तर जास्त लक्ष, आणि जीभ, जिभेखालचा तळ किंवा स्वरयंत्र यात आली तर तो पेशंट आयसीयूचा समजा. टंग डिप्रेसर घशात खोल खुपसून ढवळू नका, सुजलेला भाग डिवचायचा नसतो. ईएनटीवाल्यांकडे बारीक नेझोएंडोस्कोप असतो, त्यांना नाकातून स्वरयंत्र बघू दे. बाहेरून ओठ केवढा दिसतो यावरून आत काय चाललंय ते कळत नाही.

पोझिशनचं पण लक्षात ठेवा. घसा सुजलेला असेल, श्वासाला त्रास असेल तर त्याला बसू द्या, तो स्वतःहून जसा बसलाय तसाच. बीपी पडलेलं असेल तर आडवं झोपवून पाय वर, आणि मग बाथरूमला जायचंय म्हणाला तरी उभं करायचं नाही, अ‍ॅनाफिलॅक्सिसच्या पेशंटला अचानक उठवल्यावर तिथल्या तिथे हार्ट थांबल्याच्या घटना आहेत. गरोदर बाई असेल तर डाव्या कुशीवर.

पायरी २: अ‍ॅनाफिलॅक्सिसची शंका असेल तर अ‍ॅड्रेनालिन आधी, विचार नंतर

दोन्हीत फरक कसा करायचा हे मी पुढे सांगणारच आहे, पण फरक कळेपर्यंत अ‍ॅड्रेनालिन थांबवून ठेवायचं नाही. पेशंट गंभीर आहे आणि तुम्हाला खात्री नाही, तर अ‍ॅनाफिलॅक्सिस समजून ट्रीट करा. गोळीची सूज असताना मांडीत एक डोस गेला तर बहुतेकांना छातीत धडधड आणि हाताला थरथर याच्यापुढे काही होत नाही, पण अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये तो डोस राहिला तर पेशंट हातातून जातो.

अ‍ॅम्प्युलवर १ एमएलमध्ये १ मिलिग्रॅम लिहिलेलं असतं. मोठ्या माणसाला त्यातलं अर्धा एमएल, म्हणजे ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर, स्नायूत. गरज पडली तर कपड्यावरूनच. लहान मुलांना किलोला ०.०१ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ०.५. पाच मिनिटांत फरक नाही पडला तर परत. दंडाला कातडीखाली देऊ नका, मुलांवर केलेल्या एका अभ्यासात मांडीच्या स्नायूत दिलेलं अ‍ॅड्रेनालिन सरासरी ८ मिनिटांत रक्तात पूर्ण चढलं आणि कातडीखाली दिलेल्याला ३४ मिनिटं लागली. आणि हे पातळ न केलेलं अ‍ॅम्प्युल कुठल्याही परिस्थितीत थेट आयव्हीत ढकलू नका. घाईत हीच चूक होते आणि मग हार्टची लय बिघडते. सिरिंज भरताना मोठ्यानं बोला, "अ‍ॅड्रेनालिन, अर्धा मिलिग्रॅम, आयएम", समोरच्यानं ते परत म्हणावं.

सोबत ऑक्सिजन, मोठ्या दोन आयव्ही लाइन, आणि बीपी पडलेलं असेल तर सलाईन भरभर, मोठ्या माणसाला ५०० ते १००० एमएल, मुलांना किलोला १० एमएल आणि परत तपासून पुढचं. घरघर म्हणजे व्हीझ असेल तर साल्ब्युटामॉल नेब्युलायझर, पण अ‍ॅड्रेनालिननंतर, त्याच्या ऐवजी नाही. अ‍ॅव्हिलनं खाज आणि गांधी कमी होतात, बाकी ना बीपी वर येतं ना घसा मोकळा होतो. स्टेरॉइड तर तासांनी काम करणारं औषध, पहिल्या दहा मिनिटांत त्याचा उपयोग शून्य. ही दोन देऊन "ट्रीटमेंट सुरू केली" असं समाधान करून घेणं हा आपल्याकडचा सगळ्यात जुना घोळ आहे, आणि मला तो मनापासून बंद झालेला बघायचाय.

दोन डोस देऊनही बीपी वर येत नसेल तर इन्फ्युजनसाठी सिनियरला बोलवा. पेशंट बीटा ब्लॉकरवर असेल, म्हणजे अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल वगैरे, तर अ‍ॅड्रेनालिन नीट चालत नाही, तिथे ग्लुकागॉन १ ते ५ मिलिग्रॅम हळूहळू आयव्ही देतात, त्यानं उलटी होते म्हणून सक्शन तयार ठेवा.

पायरी ३: कपडे काढून अंग बघा

श्वास आणि बीपी हाताळलं, आता फरक शोधायचा. नवीन माणसाकडून हमखास राहतं ते म्हणजे पेशंटचं अंग बघणं. सगळे ओठाकडे बघत बसतात. शर्ट वर करा, पाठ बघा, पोट बघा, मांड्या बघा, काखेत बघा, आणि गांधी शोधा, म्हणजे त्या लालसर, मध्ये फिकट, उंचावलेल्या चकत्या. विचारा की खाज आहे का, तळहात-तळपाय खाजताहेत का, कानात खाज आहे का, अंग गरम-लाल झालं होतं का.

अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये बहुतेकांच्या, म्हणजे ढोबळमानानं शंभरातल्या ८०-९० जणांच्या, कातडीवर काहीतरी दिसतं. गोळीच्या सुजेत, म्हणजे ज्याला ब्रॅडिकायनिनची सूज म्हणतात तिच्यात, गांधी नसतात आणि खाज नसते. पेशंट सांगतो "जड वाटतंय", "ताणल्यासारखं होतंय", पण खाजवत नाही. सूज बहुतेक एका बाजूनं जास्त, आणि बोटानं दाबली तर खळगा पडत नाही. व्हीझ नाही. बीपी नॉर्मल किंवा उलट जास्तच, कारण मुळात बीपीचाच पेशंट आणि त्यात घाबरलेला.

आता ह्याचा उलटा अर्थ काढायचा मोह होतो, की गांधी नाहीत म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस नाहीच. तसं नाही. दहा-वीस टक्क्यांत कातडी स्वच्छ असते. म्हणून २०२० सालच्या जागतिक अ‍ॅलर्जी संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत दोन दरवाजे ठेवलेत. एक, कातडी किंवा तोंडाच्या आतल्या भागावर अचानक लक्षणं, आणि सोबत श्वास, बीपी किंवा जोरदार पोटाचा त्रास यातलं एक तरी. दोन, ज्याची अ‍ॅलर्जी माहीत आहे किंवा जिची दाट शक्यता आहे अशी गोष्ट अंगात गेल्यावर काही मिनिटं ते काही तासांत बीपी पडणं, दम लागणं किंवा स्वरयंत्राचा त्रास, मग कातडीवर काही असो वा नसो. म्हणजे इंजेक्शन दिल्यावर पाचव्या मिनिटाला बीपी ७० झालं तर गांधी शोधत बसायचं नाही.

असाच एक पेशंट, विशीतली मुलगी, अँटिबायोटिकचं इंजेक्शन चालू असताना हात घासायला लागली. सिस्टरनं विचारलं तर म्हणाली तळहात खाजताहेत, आणि दुसऱ्या मिनिटाला म्हणाली "सिस्टर, मला काहीतरी होतंय, मी मरणार". ओठ तेव्हा सुजलेलाही नव्हता. सिस्टरनं ड्रिप बंद केली आणि ओरडून अ‍ॅड्रेनालिन मागवलं. ते "मला काहीतरी होतंय" फार महत्त्वाचं आहे, अ‍ॅनाफिलॅक्सिसच्या पेशंटला खरंच अशी भीती आधी जाणवते. तिचं बीपी तोपर्यंत ७० होतं, आठ-दहा मिनिटांत १०० वर आलं.

पायरी ४: घड्याळाचा हिशोब

कधी सुरू झालं, त्याच्या आधी काय झालं, आणि किती वेगानं वाढतंय. अ‍ॅनाफिलॅक्सिस मिनिटांत चढतो, इंजेक्शननं असेल तर पाच-दहा मिनिटांत, तोंडावाटे गेलेल्या गोष्टीनं असेल तर साधारण अर्धा-एक तास ते दोन तास. गोळीची सूज तासांच्या हिशोबानं चढते, कित्येकदा झोपेतून उठल्यावर लक्षात येते, आणि पूर्ण उतरायला २४ ते ७२ तास घेते. "डॉक्टर, काल संध्याकाळपासून ओठ जड होता, रात्री वाढलं" असं वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात.

आणि हे जरूर विचारा, "आधी कधी ओठ किंवा जीभ सुजून आपोआप उतरली होती का?" बरेच जण हो म्हणतात, कुणीतरी अ‍ॅलर्जीची गोळी दिली होती, दोन दिवसांत बरं झालं, असं. ती अ‍ॅलर्जीच्या गोळीनं बरी झाली नव्हती, ती दोन दिवसांत उतरणारच होती.

अ‍ॅड्रेनालिनला मिळणारा प्रतिसाद पण घड्याळावर बघा. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये पाच-दहा मिनिटांत काहीतरी हलतं, खाज कमी होते, गांधी फिकट होतात, व्हीझ कमी, बीपी वर. दोन डोस गेले, कातडी स्वच्छ, बीपी चांगलं, आणि जीभ मात्र आहे तिथेच किंवा वाढतेय, तर तिसरा-चौथा डोस भरण्याऐवजी थांबून औषधांची चौकशी करा.

पायरी ५: गोळ्यांची पिशवी उघडा

"काही औषधं चालू आहेत का?" असं विचारलं की उत्तर येतं "नाही, फक्त बीपीची". ते "फक्त" म्हणजेच तुमचं उत्तर असू शकतं. स्ट्रिप हातात घ्या, मागचं बारीक नाव वाचा. शेवटी "प्रिल" आलं की थांबा: एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल, कॅप्टोप्रिल. यांना एसीई इनहिबिटर म्हणतात. कॉम्बिनेशन गोळीत दुसऱ्या औषधासोबत लपलेलं पण असतं, म्हणून समोरचं मोठं नाव वाचून सोडू नका. स्ट्रिप नसेल तर विचारा की बीपीची गोळी सुरू झाल्यापासून कोरडा खोकला येतो का. या गोळ्यांनी तो बऱ्याच जणांना येतो, म्हणून तो धागा म्हणून कामाचा, बाकी खोकला असला की सूज येणारच असं काही नाही.

नवीन माणूस हमखास फसतो ते वेळेच्या बाबतीत. "सहा वर्षं घेतोय, आत्ताच कशी होईल?" होते. पहिल्या महिन्यात प्रमाण जास्त असतं हे खरं, पण वर्षानुवर्षं निर्धास्त घेतल्यावरही होते, आणि डोस वाढवलेला नसतानाही होते. साधारण १००० जणांत १ ते ७ जणांना, म्हणजे टक्का कमी, पण ही गोळी घेणारे जगात एवढे आहेत की कॅज्युअल्टीत हा पेशंट तुम्हाला भेटणारच. बायका, सिगारेट ओढणारे, वयस्कर, आणि आफ्रिकन वंशाचे लोक यांच्यात जास्त.

काही जोड्या धोका वाढवतात, त्या पण पिशवीत शोधा. शुगरसाठीच्या ग्लिप्टिन गोळ्या, विशेषतः व्हिल्डाग्लिप्टिन. ट्रान्सप्लांटच्या पेशंटची सिरोलिमस, एव्हरोलिमस. हार्ट फेल्युअरसाठीचं सॅक्युबिट्रिल, हे तर प्रिलसोबत द्यायचंच नसतं, दोघांमध्ये ३६ तासांचं अंतर लागतं. आणि स्ट्रोकच्या पेशंटला अल्टेप्लेज (गुठळी विरघळवणारं औषध) दिलंय आणि तो प्रिलवर आहे, तर पुढचे दोन तास जिभेकडे बघत रहा, सूज कित्येकदा जिभेच्या एकाच बाजूला येते, मेंदूच्या ज्या बाजूला स्ट्रोक आहे तिच्या उलट बाजूला.

असं का होतं ते थोडक्यात सांगतो, कारण हे कळलं की औषधं का चालत नाहीत तेही पाठ न करता लक्षात राहतं. अ‍ॅलर्जीत मास्ट सेल नावाच्या पेशी फुटतात, हिस्टामिन आणि बाकीचा माल बाहेर पडतो, त्यामुळे खाज, गांधी, व्हीझ, बीपी पडणं. गोळीच्या सुजेत हिस्टामिन नाहीच. आपल्या शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ तयार होतो, तो रक्तवाहिन्या पाझरत्या करतो, आणि एसीई हे एन्झाइम त्याला मोडून टाकतं. गोळी त्या एन्झाइमला अडवते, ब्रॅडिकायनिन साठतं, पाणी झिरपून ओठ-जिभेत जमतं. हिस्टामिन नाही तर अँटिहिस्टामिन कशाला अडवणार? मला ह्यातली एक गोष्ट फार विलक्षण वाटते: ब्रॅडिकायनिन १९४९ साली ब्राझीलमध्ये माउरिसिओ रोशा इ सिल्वा आणि सहकाऱ्यांना सापडलं ते जाराराका नावाच्या सापाच्या विषावर काम करताना, आणि त्याच सापाच्या विषातल्या घटकांवरून पुढे कॅप्टोप्रिल तयार झालं, जे १९८१ साली वापरात आलं. म्हणजे गोळी आणि तिची सूज, दोन्हीचं मूळ एकाच विषात.

पायरी ६: गोळीचीच सूज वाटतेय, मग काय

गोळी बंद. आजपासून नाही, ह्या मिनिटापासून, आणि वॉर्डच्या ड्रग चार्टवरूनही काढा, नाहीतर रात्रीच्या राउंडला सिस्टर प्रामाणिकपणे तीच गोळी परत देते.

बाकी खरी ट्रीटमेंट म्हणजे श्वासाची वाट सांभाळणं. वाढतेय असं दिसलं तर ट्यूब लवकर घालायची, वाट बघून अवघड करून नाही. सगळ्यात अनुभवी हातानं, पेशंट जागा ठेवून, नाकातून फायबरऑप्टिक स्कोपवर, पेशंट बसलेला, नेहमीपेक्षा लहान साइजच्या ट्यूब काढून ठेवलेल्या. गळ्यावर क्रिकोथायरॉइड मेम्ब्रेनची (कंठमण्याखालच्या पडद्याची, जिथे कापून वाट करतात) जागा आधीच पेननं मार्क करून ठेवा, स्कॅल्पेल, बुजी (ट्यूब सरकवायची लवचीक काडी) आणि ट्यूब ट्रेवर उघडी ठेवा, आणि कापायची वेळ आली तर कोण कापणार हे आधी ठरवा. पॅरालिसिसचं औषध देऊन "बघू जाते का" हा प्रकार इथे करायचा नाही, जीभ तोंडभर झालेली असताना मास्कनंही श्वास देता येत नाही. एलएमएवर, म्हणजे घशात बसवायच्या मास्कवर, पण भरवसा ठेवू नका. तुम्ही ज्युनियर असाल तर तुमचं काम ट्यूब घालणं नाहीये, पण लोक आणि सामान वेळेत गोळा करणं नक्कीच आहे, आणि त्यानंच काका वाचले.

औषधांबद्दल खरं सांगायचं तर खात्रीचं असं एकही नाही. इकॅटिबंट ३० मिलिग्रॅम कातडीखाली देतात, ते ब्रॅडिकायनिनचा रिसेप्टर अडवतं, २०१५ सालच्या एका छोट्या अभ्यासात फायदा दिसला आणि नंतरच्या मोठ्या अभ्यासात नाही दिसला. फ्रेश फ्रोझन प्लाझ्मामध्ये एसीई एन्झाइम असतं म्हणून ते देतात, ट्रानेक्झामिक अ‍ॅसिड १ ग्रॅम आयव्ही देतात, सी१ इनहिबिटर असेल तर तेही. यातलं जे तुमच्या युनिटच्या प्रोटोकॉलमध्ये आहे ते सिनियरला विचारून द्या, पण प्लाझ्मा वितळायची वाट बघत ट्यूब लांबवू नका.

पायरी ७: ज्या केस दोन्हीकडे बसत नाहीत

सगळी औषधाची सूज ब्रॅडिकायनिनची नसते, इथे लोक गल्लत करतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन अशा वेदनाशामक गोळ्यांनी पापण्या आणि ओठ सुजतात, कधी गांधींसोबत, कधी नुसतेच, आणि ती सूज बहुतेक अ‍ॅलर्जीच्या औषधांना दाद देते. तीच औषधं काही जणांना पूर्ण अ‍ॅनाफिलॅक्सिसही करतात. पेशंट प्रिल पण घेतो आणि दोन तासांपूर्वी डायक्लोफिनॅकही घेतलंय, असं असेल तर डोकं लढवत बसू नका, पायरी २ ला परत जा, आणि कागदावर दोन्ही नावं लिहा.

अनुवांशिक अँजिओएडिमा (कातडीखालची खोल सूज) पण गोळीच्या सुजेसारखाच दिसतो, खाज नाही, गांधी नाहीत, अ‍ॅड्रेनालिनला थंड. तिथे वय कमी असतं, लहानपणापासून हात-पाय सुजणं, अधूनमधून प्रचंड पोट दुखणं, घरात वडिलांना-आत्याला असाच त्रास. दात काढल्यावर किंवा इस्ट्रोजेनची गोळी सुरू केल्यावर पहिला मोठा झटका येऊ शकतो. रक्तात सी४ नावाचं प्रथिन बहुतेक कमी मिळतं, प्रिलच्या सुजेत ते नॉर्मल असतं. पोटाचं म्हणाल तर प्रिलची सूज आतड्यालाही येते, नुसतं पोट दुखतं, उलट्या होतात, ओठ ठणठणीत, आणि असे पेशंट सर्जरीच्या वॉर्डात फिरत राहतात.

आणि अ‍ॅम्लोडिपिननं दोन्ही पाय सुजतात ती सूज वेगळी, दाबलं की खळगा पडतो, आठवड्यांत वाढते, इमर्जन्सी नाही. ताप, दुखरी मान आणि जिभेखालचा कडक तळ असेल तर इन्फेक्शन शोधा.

पायरी ८: रक्त, ऑब्झर्व्हेशन, आणि डिस्चार्जचा कागद

अ‍ॅनाफिलॅक्सिस वाटत असेल तर ट्रिप्टेजचं (मास्ट सेलमधून सुटणाऱ्या एन्झाइमचं) सॅम्पल घ्या, ट्रीटमेंट न थांबवता, एक-दोन तासांत, फार तर चार तासांच्या आत, आणि दुसरं २४ तासांनंतर तुलनेसाठी. पहिलं दुसऱ्याच्या १.२ पट अधिक २ यापेक्षा जास्त आलं तर मास्ट सेल फुटले होते. नॉर्मल आलं म्हणून अ‍ॅनाफिलॅक्सिस नव्हताच असं मात्र नाही. ट्यूबवर वेळ लिहा, वेळेशिवाय त्या आकड्याचा काही उपयोग नाही.

अ‍ॅनाफिलॅक्सिस उतरल्यावर काही जणांत तासांनी परत चढतो, म्हणून लगेच घरी नाही. एकाच डोसनं लवकर बरा झालेला, घरी सोबत असलेला पेशंट काही तासांत जाऊ शकतो, ज्याला दोन डोस लागले, दमा आहे किंवा बीपी फार पडलं होतं त्याला रात्रभर ठेवा. गोळीच्या सुजेत फक्त ओठ-चेहरा असेल तर वाढत नाही आणि उतरायला लागलीय हे काही तास डोळ्यांनी बघा, जीभ-घशाची असेल तर अ‍ॅडमिट.

डिस्चार्जवर नुसतं "ड्रग अ‍ॅलर्जी" लिहू नका. पुढचा डॉक्टर ते वाचून पेनिसिलिन टाळतो आणि रामिप्रिल लिहून देतो. स्पष्ट लिहा: "एसीई इनहिबिटरमुळे अँजिओएडिमा, कुठलंही प्रिल पुन्हा कधीच नको". बीपीसाठी दुसरं काय द्यायचं ते फिजिशियनला विचारून त्याच कागदावर लिहा, बहुतेकदा अ‍ॅम्लोडिपिनसारखं काहीतरी. सार्टन गोळ्यांत (लोसार्टन वगैरे) धोका बराच कमी असतो पण तो निर्णय लगेच कॅज्युअल्टीत घ्यायचा नाही. पेशंट नुसती गोळी बंद करून बीपी वाऱ्यावर सोडून घरी गेला तर तो उद्या वेगळ्याच कारणानं परत येईल.

शेवटी पेशंटला आणि घरच्यांना समोर बसवून दोन गोष्टी सांगा. गोळी बंद केल्यावरही पहिले काही आठवडे सूज परत येऊ शकते, तेव्हा ओठाला काहीही जड वाटलं, गिळायला त्रास झाला किंवा आवाज बदलला तर घरी अ‍ॅलर्जीची गोळी घेऊन झोपायचं नाही, सरळ यायचं. आणि घरात उरलेल्या त्या नावाच्या स्ट्रिप वेगळ्या काढून टाकून द्यायच्या. मी तर पिशवीतल्या स्ट्रिपवर मार्करनं मोठी फुली मारून काकूंच्या हातात दिली होती, आणि त्यांनी माझ्यासमोरच फोन लावून मुलाला घरच्या कपाटातला डबा तपासायला सांगितलं.